एका ताटाची दोन शास्त्रे

मुंबईच्या कांदिवली उपनगरातल्या चारकोपमधल्या एखाद्या घरात मुलीने सांगितले की तिला अन्नशास्त्र आणि मानवी पोषण या विषयात एम.एस्सी. करायची आहे, तर घरातला पहिला प्रश्न असतो, "म्हणजे तू डाएटिशियन होणार?" हेच मुलाने सांगितले तर प्रश्न बदलतो, "मग कुठल्या कंपनीत लागणार?" दोन्ही प्रश्न आस्थेने विचारलेले असतात, आणि दोन्हींमागे या विषयाचा आपल्या राज्यातला शंभर वर्षांचा इतिहास उभा असतो. पोषण म्हणजे बायकांचे, घरातले, दवाखान्यातले. अन्नतंत्र म्हणजे पुरुषांचे, कारखान्यातले, यंत्रांचे. ही वाटणी आपण केली, तिच्यासाठी वेगवेगळी महाविद्यालये उभारली, आणि पुढे ती इतकी अंगवळणी पडली की तिच्याबद्दल कुणी प्रश्नही विचारेनासे झाले. हे पुस्तक तो प्रश्न विचारते, म्हणूनच त्याची प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झाले.

नवख्या वाचकासाठी विषयाची हद्द आधी सांगते. शेतातून निघालेले धान्य, दूध, मासळी किंवा फळ तोंडात जाईपर्यंत त्याचे काय काय होते, ते कशाने टिकते, कशाने नासते, शिजताना त्यातले काय जाते आणि काय नव्याने तयार होते, हे अन्नशास्त्र पाहते. घास गिळल्यानंतर शरीरात काय घडते, कुणाला किती लागते, कमी पडले तर काय बिघडते आणि जास्त झाले तर काय, हे पोषणशास्त्राचे काम. कागदावर ही सीमा ओठांशी आखता येते. खरे प्रश्न मात्र नेमके त्या सीमेवर बसलेले असतात.

बाजरी घ्या. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादची इक्रिसॅट ही कृषी संशोधन संस्था यांनी मिळून जास्त लोह असलेली 'धनशक्ती' ही बाजरी २०१२ मध्ये महाराष्ट्रात आणली. दाण्यात लोह वाढले ही पैदासकाराची कामगिरी. पण दाण्यातले लोह म्हणजे रक्तातले लोह नव्हे. धान्यातले फायटेट लोहाला धरून ठेवते, त्यामुळे आतड्यात त्याचे शोषण कमी होते. दळले की बाजरीचे पीठ लवकर कडू होते, कारण त्यातल्या स्निग्धांशावर विकरे काम करू लागतात. म्हणून गृहिणी ते थोडे थोडेच दळून आणते, आणि कारखान्याला त्यावर उपाय शोधावा लागतो. मग भाकरी, तिच्यासोबत काय खाल्ले, खाणाऱ्या मुलीच्या शरीरात लोहाचा साठा आधी किती होता, पोटात जंत आहेत का, हे सगळे हिशेबात येते. नगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांमधल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना अशा बाजरीची भाकरी काही महिने देऊन त्यांचे रक्त तपासले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लोहाचा साठा सुधारल्याचे दिसले. या साखळीतला एखादाही दुवा न समजणाऱ्या माणसाला तो निष्कर्ष नीट वाचता येणार नाही. या विषयातली पदव्युत्तर पदवी कशासाठी, याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

ही साखळी एकाच डोक्यात बाळगणारी व्यक्ती आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेली. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. मुलगी म्हणून संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून, वर्षभर काम पाहून मग कायम करू, अशा बोलीवर त्यांना घेतले गेले. तिथे त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी वर संशोधन करून १९३९ मध्ये पीएच.डी. केली. परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला.

मुंबईतल्या त्यांच्या कामाकडे पदव्युत्तर विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे. वालासारख्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. ट्रिप्सिन हे आपल्या पोटात प्रथिने पचवणारे विकर, म्हणून कच्च्या डाळीतले प्रथिन कागदावर भरपूर दिसले तरी शरीराला पूर्ण मिळत नाही. नीट शिजवल्यावर हे घटक बहुतांशी निकामी होतात. बिरड्यासाठी वाल भिजवणारी, मोड आणणारी, सोलणारी आणि शिजवणारी बाई परंपरेने जे करत आली, त्यातल्या एका टप्प्याचे रसायन सोहोनींच्या प्रयोगशाळेत मोजले गेले. नीरेवरही त्यांनी संशोधन केले, आणि त्यामागे गरीब, आदिवासी कुटुंबांच्या आहाराची चिंता होती. निवृत्तीनंतर त्या मुंबईत १९६६ साली काही गृहिणींनी स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियामध्ये, रमल्या. बाजारातल्या भेसळीबद्दल लिहू लागल्या, १९८२-८३ मध्ये संस्थेच्या अध्यक्षही झाल्या. रेणू, पीक, आजारी मूल आणि वाण्याच्या दुकानातले तेल हे त्यांच्या लेखी एकाच विषयाचे भाग होते. त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत यांनी 'खमंग' लिहिले हेही इथे सांगायला हवे, कारण अन्नाचे शास्त्र आणि अन्नाची संस्कृती एकाच घरात इतक्या उंचीवर नांदल्याची उदाहरणे फार नाहीत.

सोहोनी जिथे काही काळ होत्या, त्या कुन्नूरपासून भारतीय पोषण संशोधनाची मुख्य वाट निघते. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तिथे बेरीबेरीच्या चौकशीसाठी एक छोटा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार पांढऱ्या उंदरांना खाऊ घालून त्यांची वाढ तोलली. गहू, दूध, भाजी असलेला शिखांचा आहार पहिला आला, मराठ्यांचा तिसरा, आणि सडीक तांदळावर बेतलेला मद्रासी आहार तळाला. आजच्या दृष्टीने हा प्रयोग ढोबळ वाटतो. एका प्रांताचा 'एक' आहार कुठे असतो? पण थाळी एकसंध मोजायची कल्पना त्यात होती, आणि ती मला अजूनही मोलाची वाटते. १९३७ मध्ये डब्ल्यू. आर. अक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. त्यांच्यानंतर प्रयोगशाळेची धुरा विनायक नारायण पटवर्धन या मराठी जीवरसायनशास्त्रज्ञाकडे आली. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांचे १९७१ चे पोषणमूल्यांचे कोष्टक चार दशकांहून अधिक काळ देशभरच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात राहिले. २०१७ च्या नव्या कोष्टकात सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ मोजलेले आहेत.

शिक्षणाची वाट मात्र दुभंगली. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढले. त्यांच्यासमोर जपानच्या महिला विद्यापीठाचे उदाहरण होते, आणि घर चालवण्याचे ज्ञान हा अभ्यासक्रमाचा सन्माननीय भाग असावा ही भूमिका होती. त्या मुळातून एस.एन.डी.टी.चे गृहविज्ञान वाढले, आणि जुहूच्या आवारात अन्नविज्ञान व पोषणाचे पदव्युत्तर शिक्षण बहरले. न्यू मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन हे गृहविज्ञान महाविद्यालयही याच घराण्यातले. दुसरीकडे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. तो पुढे माटुंग्याला स्थिरावला आणि आज आय.सी.टी. म्हणून ओळखला जातो. तिथे अन्नतंत्रज्ञान ही अभियांत्रिकीची शाखा झाली. म्हैसूरला १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था उभी राहिली, परभणीला कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली १९७६ मध्ये अन्नतंत्र महाविद्यालय निघाले. अमेरिकेत इलिनॉय, आयोवा स्टेट, फ्लोरिडा अशा विद्यापीठांत अन्नशास्त्र आणि मानवी पोषण एकाच विभागात शिकवतात. आपल्याकडे जुहूची विद्यार्थिनी आणि माटुंग्याचा विद्यार्थी एकाच चर्चगेट लोकलमध्ये कांदिवलीला चढतात, एकच रेणू शिकतात, आणि एकमेकांची पाठ्यपुस्तके सहसा उघडत नाहीत.

गृहविज्ञानाला कमी लेखण्याची सवय आपल्या शिक्षित समाजालाही आहे. मला ती अन्यायाची वाटते. कुपोषित मुलाच्या दंडाला पट्टी लावून ११.५ सेंटिमीटरच्या खालचा आकडा वाचणे, आईकडून काल दिवसभरात मुलाने काय खाल्ले ते तिला न दुखावता काढून घेणे आणि तिच्या वाटीचे ग्रॅम करणे, हे कौशल्य याच महाविद्यालयांनी जपले. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने मराठी घरांना वाटी-चमच्याचे माप दिले. पोषणाच्या विद्यार्थिनीला तेच माप उलट दिशेने चालवावे लागते: वाटी कुणाची, किती खोल, वरण दाट की पातळ. एका चुकीच्या वाटीने सगळे सर्वेक्षण वाकडे होते.

या विषयाचे खरे शिक्षण वादांतून होते असे माझे मत आहे, आणि त्यातला एक मोठा वाद महाराष्ट्रात लढला गेला. १९६८ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांपासून अनेकांना वाटत होते की गरीब देशांचे मुख्य संकट प्रथिनांच्या तुटवड्याचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांनी सांगितले की नेहमीचे धान्य-डाळीचे जेवण पोटभर मिळाले तर प्रथिनांची गरज बहुधा भागते. खरा तुटवडा पोटभर जेवणाचा, म्हणजे उष्मांकांचा आहे. पुढे मोठ्या प्रमाणात हेच मान्य झाले. पण नंतर पुण्यात सुखात्म्यांची गाठ अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांशी पडली. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात दारिद्र्याची रेषा माणशी दररोज २२५० उष्मांकांवर बेतली होती. सुखात्म्यांचे म्हणणे असे की एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरीच्या खालचा प्रत्येक जण उपाशी धरता येणार नाही. दांडेकरांनी त्याला कडाडून उत्तर दिले. शरीर जुळवून घेते म्हणजे काय गमावून जुळवून घेते, हा प्रश्न गोपालन यांच्यासारख्यांनीही 'लहान पण निरोगी' या कल्पनेविरुद्ध विचारला. उपाशी कोण हे ठरवण्यासाठी शरीरशास्त्र, संख्याशास्त्र आणि नीती तिन्ही लागतात. पदवीच्या तीन वर्षांत विद्यार्थी २२५० हा आकडा पाठ करतो. एम.एस्सी.त त्याने त्या आकड्याची उलटतपासणी करायची असते.

त्यानंतरचा धक्का पुन्हा पुण्यातूनच आला. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा माग ठेवला. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या बारीक बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. पुढच्या मधुमेहाची बीजे गर्भातच, आईच्या कमतरतेतच पडत असावीत असे त्यातून सुचले, आणि जीवनसत्त्व बी-१२ चा प्रश्न ऐरणीवर आला. मुंबईच्या उपनगरांतल्या वस्त्यांत 'सरस' या प्रकल्पात गर्भधारणेच्या आधीपासून स्त्रियांना पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. सरसकट हिशेबात बाळांच्या वजनात ठोस फरक नव्हता. गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतलेल्यांत वजन थोडे वाढले, फार कृश मातांत मात्र नाही. गरोदरपणातला मधुमेह कमी झाल्याचे नंतरच्या विश्लेषणात दिसले. असा गुंतागुंतीचा निकाल जसाच्या तसा सांगण्याचे धैर्य विद्यार्थ्याने कमवावे, यासाठी मी हा अभ्यास नेहमी पुढे ठेवते.

आता चारकोपविषयी. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे भूखंड आखले, पाणी आणि सांडपाण्याच्या सोयी दिल्या, आणि लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे घरे बांधली. बैठ्या घरांवर मजले चढले, शेजारी टॉवर आले. आज एका सेक्टरमध्ये अंगणवाडी, पोळी-भाजी केंद्र, जिम, प्रोटीन पावडरचे दुकान, रक्ततपासणीची लॅब आणि पाकिटबंद खाऊच्या माळा लटकवलेली टपरी हाकेच्या अंतरावर सापडतात. शासकीय औद्योगिक वसाहतही इथेच आहे. खाडीपलीकडे मनोरी-गोराईला बांबूंवर बोंबील सुकतात, म्हणजे पाणी काढून जंतूंची वाढ रोखण्याचे तंत्र उघड्यावर पाहायला मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. हे आकडे एकाच चाळीत, कधी एकाच घरात भेटतात: आजोबांची साखर वाढलेली, सुनेचे हिमोग्लोबिन घसरलेले. कारखान्यात बिस्किट बनवणारा आणि दवाखान्यात तक्ता लिहून देणारी, दोघे एकमेकांशी बोलत नसतील तर या घराला कुणाचाच उपयोग नाही.

अन्नशास्त्राची बाजू किती नाजूक आहे ते प्रयोगशाळेत कळते. प्रथिन मोजण्याच्या जेल्डाल पद्धतीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात आणि त्याला सहसा ६.२५ ने गुणतात. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळले गेले ते याच फटीतून: मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून पाणी घातलेले दूधही चाचणीत उतरले, आणि लाखो बालके आजारी पडली. चाचणी काय मोजते आणि काय मोजत नाही, हे न कळणारा तंत्रज्ञ निष्काळजी नसला तरी धोकादायक ठरू शकतो. आपल्याकडे १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. आता बचत गटाच्या चटणीच्या पाकिटालाही नोंदणी आणि लेबल लागते. ते लेबल समजावून सांगणारी माणसे उपनगरात फारच कमी आहेत.

नोकरीच्या वाटांबद्दल थोडक्यात. रुग्णालयात काम करायचे असेल तर पदवीनंतर इंटर्नशिप आणि इंडियन डाएटेटिक असोसिएशनची नोंदणी परीक्षा यांचा विचार करावा लागतो. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने पोषणतज्ज्ञांनाही आपल्या कक्षेत घेतले आहे. गुणवत्ता नियंत्रण, नवीन पदार्थांची निर्मिती, बालविकास योजना, संशोधन, अध्यापन ही दारे आहेतच. घर सोडून रोज प्रवास जमणार नाही अशांसाठी इग्नूची आहारशास्त्राची दूरस्थ एम.एस्सी.ही २०२५ पर्यंत होती. फक्त त्यात प्रात्यक्षिकांना हजर राहण्याची तयारी लागे.

हे पुस्तक प्रवेशाची मार्गदर्शिका म्हणून लिहिलेले नाही. आपल्या घरातली पहिली पदव्युत्तर पदवी घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींना विषयाचा पूर्ण पट मराठीत दिसावा, हा त्याचा प्रयत्न आहे. संपादकांनी इंग्रजी पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे मुद्दाम बाजूला ठेवली, आणि वाल, बाजरी, बोंबील, पोळी, अंगणवाडीतला आहार यांना हाताशी धरले. परिभाषेच्या बाबतीत त्यांचा मार्ग मला पटला: प्रथिन, लोह, उष्मांक हे रुळलेले शब्द मराठीत, आणि प्रयोगशाळेत सगळे जे म्हणतात ते तसेच देवनागरीत. मराठीचा हट्ट कशाला, असे विचारले जाईल. दुधात काय मिसळले आहे किंवा हिमोग्लोबिन का घसरले, हे चारकोपमधल्या बाईला तिच्या भाषेत सांगता येत नसेल, तर प्रबंध इंग्रजीत कितीही चांगला असो, विद्यार्थ्याचे शिक्षण अपुरे राहिले असे मी मानते. खेळाडूंचा आहार आणि मोठ्या कारखान्यांचे अभियांत्रिकी प्रश्न यांना इथे फारशी जागा मिळालेली नाही. ते विषय स्वतंत्र पुस्तकाचे आहेत.

शेवटी वाचण्याच्या क्रमाबद्दल. पहिल्या वर्षात बरेच विद्यार्थी संख्याशास्त्राचा पेपर कसाबसा ढकलतात, आणि प्रबंधाच्या वेळी आकडे दुसऱ्याकडून करून घेतात. त्यांनी या पुस्तकातला नमुना-निवड आणि सरासरी-विचलनाचा भाग आधी वाचावा, सुखात्मे आणि दांडेकर यांचा वाद उघडून शेजारी ठेवावा, आणि मग आपल्याच सेक्टरमधल्या वीस घरांत काल काय शिजले ते वाटी-तराजू घेऊन मोजायला जावे.